वर्ष व्हायच्या आत

हिमानीला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक मुंबईत, जुन्या, नाव झालेल्या विभागात. तिथून रोज घरी येता येतं. दुसरी गुवाहाटीजवळ, एका नव्या विद्यापीठात. विषय एकच, आंतरराष्ट्रीय संबंध, एम.ए. गुवाहाटीचा कोर्स सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. पहिली तुकडी आत्ता कुठे बाहेर पडली होती.

तिला गुवाहाटीला जायचं होतं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

माझी बायको बकुळा डिसेंबरात गेली. लिव्हरचं दुखणं होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. टीव्ही लावतो आणि उठतो. गॅस बंद आहे का ते बघतो, परत येऊन बसतो, पुन्हा बघायला जातो. हिमानी म्हणते, "बाबा, त्या बटणाला तरी आराम द्या." आम्ही अंबरनाथला पश्चिमेला राहतो. फॅक्टरीतून निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडलं तेव्हा ही जागा घेतली. दोन माणसांना पुरेशी आहे. एकाला मोठी होईल.

पैशाची अडचण नव्हती. तिला स्कॉलरशिप होती, मला पेन्शन आहे. त्यामुळे ते कारण पुढे करता येत नव्हतं.

दिनानाथ माझा फॅक्टरीतला दोस्त. आता आमच्या विहाराचा सेक्रेटरी आहे. संध्याकाळी फिरताना त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "इंटरनॅशनल? वा! कुठला देश?"

"गुवाहाटी."

"गुवाहाटी तर आपल्यातच आहे की. मग इंटरनॅशनल कशात?"

"विषयात."

"असं होय," तो म्हणाला. थोडं चालून पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाला, "पण मग मुंबईत तोच विषय आहे ना?"

हेच तर मी घरी आठवडाभर बोलत होतो. हिमानीचं म्हणणं, तिथे शेजारच्या देशांवर भर आहे आणि तिला ब्रह्मदेशावर काम करायचंय. हे खूळ तिच्या डोक्यात नवं नाही. ती लहान असताना आमच्या विहारात ब्रह्मदेशातले एक भंते येऊन राहिले होते. बकुळा रविवारी तिथे मुलांचा वर्ग घ्यायची. वंदना शिकवायची, मग गोष्टी सांगायची. हिमानी त्या वर्गातून उठून भंतेंपाशी जायची आणि विचारायची, तुम्ही घरी का जात नाही. भंतेंना मराठी यायचं नाही, हिला हिंदी धड यायचं नाही. बकुळा मध्ये बसून दोघांचं एकमेकांना समजावून सांगायची. घरी जाणं काही लोकांना जमत नाही, हे हिमानीला तिथे कळलं. ते का जमत नाही, हे तिला अजून शोधायचंय.

मी म्हणालो, "कोर्स चांगला आहे की नाही हे सांगणार कोण? नवीन गोष्टीचं कोणी काय सांगू शकतं?"

"पहिल्या बॅचची एक मुलगी बदलापूरची आहे," हिमानी म्हणाली. "शलाका. नेटवर सापडली. माझं तिच्याशी बोलणं झालंय. तुम्ही पण जाऊन या. तुम्हाला हवं ते विचारा."

"तू पण चल."

"माझ्यासमोर तुम्ही मोकळं विचारणार नाही."

मी स्कूटर काढली. डाव्या बाजूचं पायदान उघडंच होतं. बकुळा त्यावर पाय ठेवून बसायची. ते मी अजून बंद केलेलं नाही. वाटेत एक पोरगा बाईक शेजारी आणून ओरडला, "काका, पायदान!" मी हात दाखवला आणि तसाच गेलो.

शलाकाचं घर नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. दारातून आत गेलं की भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला पिवळट रेघ दिसते. माझी नजर तिकडे गेली तशी तिची आई म्हणाली, "पाणी आलं होतं त्याची आहे. तीनदा रंग दिला. वर येतेच."

शलाका लॅपटॉप बंद करून समोर बसली. बारीक मुलगी, चष्मा, बोलताना बोटं मोडायची सवय. मी एकेक विचारलं. तिने काही लपवलं नाही.

"शिक्षक?"

"सुरुवातीला पाच होते. दोघं सोडून गेले. एकाच्या जागी नवीन आले, एक जागा रिकामी."

"लायब्ररी?"

"पहिलं वर्षभर पुस्तकं खोक्यातच होती. आम्हीच लावली."

"नोकरी?"

"कॅम्पसला कोणी आलं नाही, काका. मला दिल्लीतल्या एका संस्थेचं काम मिळालंय, घरून करते. मार्चपर्यंत आहे. पुढचं माहीत नाही."

खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. एकेक उत्तर आलं की खांदे हलके व्हायचे. तिच्या आईने पोहे आणले ते मी सगळे खाल्ले. आणखी विचारले तर आणखी घेतले. डिसेंबरपासून मी असा जेवलो नव्हतो.

"गेल्याचा पस्तावा होतो का?" मी विचारलं. मला हो ऐकायचं होतं.

तिने विचार केला. "होतो. महिन्यातून एखाद्या वेळेस."

"दोनदा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बरं, दोनदा. पण काका, तुम्ही फक्त काय नव्हतं तेच विचारताय. आम्ही अकरा जण होतो. सोमवारी काही विचारलं आणि सरांना आलं नाही, तर ते सरळ सांगायचे, मला माहीत नाही. गुरुवारी शोधून आणायचे. दुसऱ्या वर्षी आम्हाला नदीकाठच्या गावांत पाठवलं, महिनाभर. वरच्या देशात पाऊस झाला की खालच्या गावात निरोप कोण देतं, हे शोधायला. कोणीच देत नव्हतं. मी ते लिहिलं. या घरात पाणी शिरलं तेव्हा मी कॉटवर उभी होते, आईने शेगडी डोक्यावर धरली होती. आम्हालाही कोणी निरोप दिला नव्हता. तिथे पहिल्यांदा मला वाटलं, आपण ज्याला नशीब म्हणत होतो त्याच्यावर काम करता येतं."

"मुंबईत हे मिळालं नसतं?"

"ते मी कसं सांगू? मी तिथे शिकले नाही."

मी चहा संपवून निघालो. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "हिमानीला सांगा, गरम कपडे लागतात. लोकांना वाटतं लागत नाहीत."

घरी आलो तेव्हा हिमानी भेंडी चिरत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दोन शिक्षक सोडून गेले. पुस्तकं खोक्यात. कंपन्या आल्या नाहीत. पोरगी घरी बसून काम करते, तेही मार्चपर्यंत.

"आणि?"

"आणि काय? पस्तावा होतो म्हणाली. महिन्यातून दोनदा."

"सरांचं नाही सांगितलं? गुरुवारचं?"

मी माठातून पाणी घेतलं.

"नदीच्या गावांचं?" तिने सुरी खाली ठेवली. "बाबा, हे सगळं तिने मला आधीच सांगितलंय. शिक्षकांचं पण, खोक्यांचं पण. मला वाटलं होतं तुम्ही जाऊन पूर्ण ऐकून याल. तुम्ही अर्धंच आणलंत."

"मला महत्त्वाचं वाटलं ते आणलं."

"गरम कपड्यांचं बोलली का?"

"हो."

"ते पण नाही सांगितलंत."

तिने भेंडी पुन्हा चिरायला घेतली. मी गॅसचं बटण बघितलं. गॅस चालू होता, कढई वर होती, तरी बघितलं.

रविवारी वेणूबाई आली. माझी थोरली बहीण, मी तिला अक्का म्हणतो. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहते. शेजार सगळा सिंधी. येताना नेहमी दाल-पकवान घेऊन येते आणि आम्हाला ते आवडतं की नाही हे कधी विचारत नाही. आल्याबरोबर तिने पिशवी ठेवली आणि हिमानीला धरलं.

"काय गं, तू म्हणे आसामला चाललीस?"

"अजून ठरलं नाही, आत्या."

"ठरवू पण नको. आईचं वर्ष झालं नाही अजून. वर्षाच्या आत पोरगी घरातून बाहेर पडते का? डिसेंबर होऊ दे. मग बघ."

हिमानीने माझ्याकडे पाहिलं. तिला खात्री होती की मी आता अक्काला झापणार. आमच्यात हे चालत नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा सुतक, दहावं, वर्षश्राद्ध सगळं मागे टाकलं. आपण पुण्यानुमोदन करतो, माणसाची आठवण काढतो, झालं. हे मी विहारात उभा राहून लोकांना सांगितलेलं आहे, एकदा नाही, कितीदा तरी.

मी म्हणालो, "अक्का बरोबर बोलतेय. वर्ष होऊ दे. पुढच्या साली जा पाहिजे तर."

हिमानीच्या आधी बोलली ती अक्का.

"तू?" ती म्हणाली. "जयदेवा, तू म्हणतोस हे?"

"मग काय झालं?"

"अण्णा गेले तेव्हा मी बापाच्या दहाव्याचं नाव काढलं तर तू माझ्या सासरच्या माणसांसमोर मला काय काय बोललास! अडाणी म्हणालास. मी दोन राख्या तुला बांधल्या नाहीत त्यापायी. आणि आता तुला वर्ष पाहिजे?"

"तूच तर म्हणालीस आत्ता."

"मी म्हणणारच. मी पहिल्यापासून म्हणते. तू कधीपासून म्हणायला लागलास?"

एरवी मी हसलो असतो. हिमानी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. बकुळा अशीच करायची, बोलायचं असलं की जवळ यायची.

"बाबा, जाऊ नको म्हणा. एवढंच म्हणा. मी नाही जाणार, मुंबईला घेईन, रुसणार पण नाही. पण कोर्स नवीन आहे म्हणून नको, आईचं वर्ष म्हणून नको. तुमचं जे आहे ते म्हणा."

माझ्या तोंडात ते वाक्य होतं. दोनच शब्द लागतात. जाऊ नको. मी ते म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. संध्याकाळी तिची चावी दारात वाजली असती. मी तोंड उघडलं आणि तसाच चपला घालून खाली उतरलो.

कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. फॅक्टरीच्या भिंतीकडेने चाललो, मागे फिरलो, पुन्हा तेवढंच चाललो. चालताना कोर्सचा विचार करायचा प्रयत्न केला. पाचातले दोन शिक्षक गेले, हे वाईट. मला माहीत नाही म्हणणारा शिक्षक, हे चांगलं. याची बेरीज कशी करतात ते मला येत नाही. शलाकालाही आलेली नाही, आणि ती तिथे दोन वर्षं राहून आली आहे. मग मला वाटलं, की कोर्स उत्तम असता, सगळी पुस्तकं कपाटात असती, तरी मी बदलापूरहून काहीतरी वाईट शोधून आणलंच असतं.

विहारात दिनानाथ सतरंज्यांच्या घड्या घालत होता. सकाळची वंदना संपली होती. बकुळाचा वर्ग आता कोणी घेत नाही. मुलांची छोटी बसकुरं एका कोपऱ्यात रचून ठेवली होती.

"जयभीम. बस की," तो म्हणाला.

"बसत नाही. हॉल पाहिजे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी."

"काय आहे?"

"बकुळाचा पहिला स्मृतिदिन."

सतरंजी त्याच्या हातात तशीच राहिली. "अरे, वहिनी तर डिसेंबरात गेल्या."

"हो."

"मग आत्ता कसा? लोक विचारतील, जयदेव."

"विचारू देत. आपल्यात तिथी कधीपासून आली? माणसाची आठवण काढायची, ती डिसेंबरातच निघते का? पोरगी ऑगस्टला जाणार. आईच्या कार्यक्रमाला ती नको का?"

त्याने सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाला, "जाणार म्हणजे ठरलं?"

"आत्ता ठरलं."

"कोर्स चांगला आहे म्हणजे?"

"ते मला कळत नाही," मी म्हणालो. "तू हॉल दे."

घरी आलो तर दोघी दाल-पकवान खात बसल्या होत्या. माझी ताटली झाकून ठेवली होती. मी दारातच सांगितलं, शेवटच्या रविवारी विहारात आईचा कार्यक्रम आहे, वर्ष वगैरे काही नाही, तू असताना करायचा आहे.

हिमानीचे डोळे भरले. पण तिने प्रश्न सोडला नाही. "आणि तुमचं जे आहे ते?"

"ते आहेच," मी म्हणालो. "ते सांगितलं तर तू राहशील. म्हणून नाही सांगत."

अक्का पुटपुटली, "म्हणजे सांगितलंच की." मग तिने हात धुतले आणि विचारलं, "माणसं किती धरायची जेवायला? खीर मी करते. आणि हे वर्षाच्या आतलं मला पटलेलं नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. डिसेंबरात मी माझ्या घरी करीन काय करायचं ते."

"कर."

"येशील?"

मी चपला काढून आत आलो.

हिमानीने फोन काढला आणि भिंतीला टेकून काहीतरी भरत बसली. भरताना एकदा विचारलं, "बाबा, आपला पिन कोड?" मी सांगितला. मग ती म्हणाली, "झालं." इतकंच.

मी ताटली उघडली. पकवान मऊ पडलं होतं. दोन घास खाऊन उठलो आणि खाली जाऊन स्कूटरचं पायदान बंद केलं. वर आलो. मग वाटलं, हिमानीला स्टेशनवर सोडायला जायचंय, ती तशीच बसते, एका बाजूला. परत खाली गेलो आणि उघडलं.

डिसेंबरात ती तारीख येईल तेव्हा मी घरात एकटा असेन. त्या दिवशी काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.