कागद पुन्हा बघू का?

प्रवेशाच्या मुलाखतींचा शेवटचा दिवस होता आणि माझे कान किटले होते. सकाळपासून आलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून अन्यायाची चीड होती. मी कायद्याच्या कॉलेजात शिकवतो, पण एका खोलीत एवढी चीड मलाही झेपत नाही.

निवड करायला आम्ही तिघं होतो: मी, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक वकीलबाई. आमची एक जुनी युक्ती होती. उमेदवाराला एका पानाचा खटला वाचायला द्यायचा आणि न्यायाधीशांनी त्यातली एक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची. मुकाट्याने मान डोलावणाऱ्याचे गुण कापायचे. पुढे क्लासवाल्यांना याचा सुगावा लागला. तेव्हापासून न्यायाधीशांनी तोंड उघडायचा अवकाश, पोरं "माफ करा सर, मी असहमत आहे" म्हणून मोकळी. वैतागून यंदा न्यायाधीशांनी खरं तेच सांगायचं ठरवलं, तरी सगळे असहमतच. दुपारपर्यंत न्यायाधीशांनी चहालाही नको म्हटलं.

शेवटची मुलगी ओळखीची निघाली.

"तिसऱ्यांदा ना गं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो सर. दादा म्हणालाय, हे शेवटचं. नाही झालं तर त्याच्या दुकानात बसायचं."

खटला साधाच होता. मोडक्या पायरीवरून भाडेकरू पडला होता आणि मालकाकडे भरपाई मागत होता.

"भाडेकरूने त्या पायरीची कधी तक्रार केली नव्हती," न्यायाधीश म्हणाले.

मी कंटाळून असहमतीची वाट बघत होतो.

"कागद पुन्हा बघू का?" तिने विचारलं आणि सावकाश वाचत बसली. वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"बरोबर आहे सर. तक्रार शेजारणीने केली होती, त्याने नाही."

"मग बघितलंस कशाला?"

"तुम्ही न्यायाधीश म्हणून हो म्हटलं असतं, नाहीतर क्लासमध्ये सांगितलं म्हणून नाही म्हटलं असतं. दोन्हीकडून कागद तसाच राहिला असता."

मला एकदम बरं वाटलं. थकलेल्या माणसाला खिडकीजवळ जागा मिळावी तसं.

मग वकीलबाईंनी तिला मालकाची बाजू मांडायला सांगितली. तिथेही ती आधी पुन्हा कागदाकडे वळली, मग हळू आवाजात थोडंसं बोलली आणि निघून गेली.

दार लागताच वकीलबाई म्हणाल्या, "मला नाही पटत बाई हे. कोर्टात एवढा वेळ कोण देतं? आणि मालकाची बाजू तर तिने मांडलीच नाही."

"नाही मांडली," न्यायाधीश डोळे चोळत म्हणाले.

मीही मान डोलावणारच होतो. घरी जायचं होतं, पाठ धरली होती, आणि दोन मोठी माणसं एकच सांगत होती. मान अर्धी खाली गेल्यावर माझीच मला लाज वाटली.

"थांबा," मी म्हणालो. "मी लिहून घेतलंय, बघू."

मुलाखतीच्या कागदावर माझ्याच गिचमिड अक्षरात तिचं बोलणं होतं: 'पायरी मोडल्याचं मालकाला माहीत होतं, ते त्याने लपवू नये. पण भाडेकरूही रोज त्याच पायरीवरून जात होता. त्यालाही माहीत होतं.'

वकीलबाईंनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचायला घेतलं. आम्ही दोघांनी त्यांना अजिबात घाई केली नाही.