कुजणारा आवाज

वहिनींच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी इमारत संगणकासमोर जमली होती. पडदे ओढलेले, भिंतींवर स्क्रीनचा लाल उजेड, आणि मधूनच संगणकातून एका बाईचा साखरेत घोळलेला आवाज: "आपले आवाज कुजत आहेत. संगणक बंद केल्यास ते कायमचे जातील. पूर्ण आवृत्ती विकत घ्या."

"आत आवाज आहेत, हे त्याला कळलं कसं?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब पुटपुटले.

वहिनींचे यजमान अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. ते गेले आणि घरात त्यांचा आवाज तेवढा उरला. संगणक तपासणाऱ्या 'संगणकवैद्य' नावाच्या एका फुकटच्या प्रोग्रामने त्या आवाजात शेकडो रोग काढले. तेव्हापासून वहिनी रात्रंदिवस चालू संगणकापाशी बसून होत्या, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशा. पंख्याची घरघर जरा बदलली तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. पैसे भरायला बँकेचं कार्ड हातातच होतं.

रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी नणंद आली आणि तिने ते कार्ड आधी काढून घेतलं.

"वहिनी, यंत्राचा संशय आला की आम्ही त्याला रक्ताऐवजी नुसतं पाणी देतो. पाण्यातही रोग निघाला, तर यंत्रच खोटं."

तिने नवाकोरा पेनड्राइव्ह लावून वैद्यबुवांना तो तपासायला सांगितला. स्क्रीनवरचं चाक गरगरलं. "आपले आवाज कुजत आहेत."

"पण यात तर काहीच नाही," साहेब म्हणाले.

"नाहीच. बुवा नाडी बघतच नाहीत, पाठ केलेलं बोलतात. गाणी नाहीतर आवाज कुणाच्या संगणकात नसतात? अंदाजाने ठोकून द्यायचं."

"आणि बंद केल्यावर खरंच गेला तर?" वहिनींनी विचारलं.

"दादाच्या आवाजाची प्रत आत्ताच या पेनड्राइव्हवर काढून घेतलीय. बटण मात्र तूच दाब."

वहिनींनी दाबलं. खोली काळी झाली. त्या शांततेत त्यांना नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

संगणक पुन्हा सुरू करून नणंदेने तो प्रोग्राम काढून टाकला, मग एक फाइल लावली. खाकरण्याचा आवाज आला. "थांबा हं, पान उलटतो." वहिनी तोंडाला पदर लावून रडल्या.

साहेबांनी मान खाली घातली. "मी गेल्याच महिन्यात याच वैद्याला भरले पैसे. लाजेपोटी बोललो नाही."

"बोला, साहेब," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "घाबरलेला माणूस विचार करत नाही आणि फसलेला बोलत नाही. त्यांचं दुकान त्यावरच चालतं. मला आधी सांगितलं असतंत, तर मी इतके दिवस अशी मेल्यासारखी बसले नसते."