नमस्काराचं बटण

कापसाचा भाव पडला तो पडलाच, अशी ती वर्षं. दिग्रसच्या बाजारात रोषणाईचं नाव कुणी काढत नव्हतं, आणि मिताली मात्र नागपूरहून निळे दिवे असलेले कॉम्प्युटरचे पंखे घेऊन आली! बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बिनखिडकीच्या गोदामात तिचा टायपिंगचा क्लास भरे. तिथल्या सर्वांत मोठ्या मशीनला तिने काचेचं झाकण बसवलं आणि आत ते तीन पंखे. बाई हरखून गेली होती. दिवसातून चारदा उगाचच काच पुसायची.

घोळ झाला तो विमलताईंमुळे. विमलताई शेजारच्या गावच्या सरपंच, पन्नाशीच्या. गावचे ठराव स्वतः टाइप करायचे म्हणून शिकायला येत. दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. आता त्या पंख्यांची तऱ्हा अशी, की मशीन गार असलं की ते मंदावत आणि दिवे विझत. तापलं की जोर धरत आणि दिवे लागत. दिग्रसच्या उन्हाळ्यात हे दर पाच मिनिटांनी. दिवे लागले की विमलताई हात जोडत. खुद्द सरपंच हात जोडतात म्हटल्यावर बाकीचे नऊ जण कसे बसून राहतील? ते जोडत. मग मितालीही जोडे. टायपिंगचा वेग गेला खड्ड्यात.

अशात पत्र आलं. मंगळवारी यवतमाळहून तपासणी अधिकारी येणार, कोणत्याही एका विद्यार्थ्याची परीक्षा घेणार. दहा मिनिटांत अडीचशे शब्द झाले तर क्लासला मान्यता, नाही तर टाळं. तहसीलमधून निवृत्त झालेल्या मितालीच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी, लेकीसाठी बी.एड.चा फॉर्म आधीच आणून ठेवला होता.

"पंखे काढून टाक," ते म्हणाले.

"पंखे नाही काढणार, बाबा. दिव्यांचं बटण वेगळं करते."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रामलालकडून तिने सोल्डरिंगची, तारांना डाग द्यायची सळई आणली. दिव्यांच्या तारा पंख्याच्या तारांपासून तोडल्या, मशीनच्या वीजपुरवठ्याला वेगळ्या जोडल्या आणि मध्ये एक छोटं बटण घातलं. पहिल्या खेपेला बटण दाबलं तर पंखे थांबले आणि दिवे तसेच! तार चुकली होती. सदाशिवराव इतके हसले की चहा नाकात गेला. दुसऱ्या खेपेला जमलं. मिताली गोदामभर नाचली.

मंगळवारी गुलाबसिंग राठोड साहेब आले. कडक इस्त्री, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. त्यांनी नजर फिरवली आणि नेमकं विमलताईंनाच मोठ्या मशीनवर बसवलं.

पण दिवे बंद होते आणि विमलताई सुसाट सुटल्या. सहा मिनिटं झाली, आणि लाइट गेली. मशीन बॅटरीवर चालू राहिलं, पण गोदामात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. पडद्याचा उजेड खालच्या कीबोर्डपर्यंत पोचत नव्हता, आणि विमलताईंची बोटं अजून अक्षरं पाहूनच चालत.

"मॅडम, मले अक्षरं दिसून नाही राह्यली!"

मितालीचा हात बटणापाशी जाऊन अडला. दिवे लावले तर हात जोडणार, वेळ जाणार. नाही लावले तर सगळंच बसणार. तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

गोदामभर निळा उजेड सांडला. विमलताईंनी निवांत हात जोडले. मागच्या नऊ जणांनी जोडले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सदाशिवरावांनीही जोडले. आणि मितालीने डोळे उघडले तेव्हा राठोड साहेबांचेही हात जोडलेले होते, दोन्ही तळव्यांच्या मध्ये घड्याळ.

ते घड्याळाकडे पाहून चपापले. हात जोडताना त्याचं बटण दाबलं गेलं होतं.

"च्यायला, थांबलं की हे!" साहेब म्हणाले. मग स्वतःच हसायला लागले. "थांबलं तर थांबलं. नमस्काराचा वेळ कायले मोजायचा? मारा, ताई, पुढं!"

त्यांनी घड्याळ पुन्हा सुरू केलं. विमलताई निळ्या उजेडात अशा धावल्या की दोनशे एकसष्ट शब्द झाले. मितालीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. साहेबांनी जागच्या जागी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी बटणाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, सदाशिवरावांच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात: 'दिव्याचे बटण. आवश्यकतेनुसार लावावे. नमस्कार करून कामास लागावे.' मितालीने चिठ्ठी उलटून पाहिली. पाठीमागे बी.एड.चा कोरा फॉर्म होता.