हार घातलेली कढई

मी लोखंडाची आहे, वयानं जुनी आहे, आणि मधे माझं डोकं पार फिरलं होतं. कढईला डोकं नसतं हे मला ठाऊक आहे, मित्रांनो. पण माझ्यावर जे प्रसंग आले ते तुमच्यावर आले असते, तर तुम्हीही गप्प बसला नसता.

मी खव्याची कढई. आष्टी तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचं गाव आहे. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू, म्हणून घरटी एखादी म्हैस आणि दावणीला चार शेरडं. माजलगावच्या एका लोहारानं जाड पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं, दोन बाजूंना दोन कड्या बसवल्या आणि मला बाजारात मांडलं. तिथून मला बंकटनं विकत घेतलं. बंकट म्हणजे माझी मालकीण दगडाबाई हिचा नवरा. मेंढरं-म्हशी राखणारं त्यांचं घर. मला एसटीत चढवताना कंडक्टर वैतागून म्हणाला, “हिचं बी तिकीट काढा!” बंकटनं खरंच माझं तिकीट काढलं. माणूस असा साधा. काहीही विचारा, “बगू की” एवढंच म्हणणार.

घरामागच्या भट्टीवर मी बसले आणि दगडाबाईची खव्याची भट्टी सुरू झाली. दूध दिवसभरात नासतं, खवा टिकतो. गावभरच्या बाया सकाळी दूध घेऊन यायच्या, दगडाबाई लांब दांड्याच्या उलथण्यानं ते हलवत राहायची आणि दुपारी बीडहून सोमनाथशेठची गाडी खवा न्यायला यायची. सोमनाथशेठ पेढेवाले, चवीला मोठे चोखंदळ. माझ्या बुडाला राहिलेली खरवड पोरं बोटांनी चाटून खायची. दगडाबाई मात्र खरवड गेली की लगेच मला घासायला घ्यायची. रोज, न चुकता, राख आणि विटेचा तुकडा घेऊन.

गावात लग्नकार्य निघालं की मला मागून न्यायचे. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मूठभर ज्वारी, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. दगडाबाईचं त्यावर एक म्हणणं असायचं, “गूळ घाला न घाला, पन मागून न्यावं अन् घासून आनावं.” लोक गूळ घालायला विसरायचे नाहीत. घासायचं मात्र बऱ्याचदा तिलाच लागायचं. माझ्या वैतागाचं मूळ इथंच आहे, मित्रांनो. जरा ध्यानात ठेवा.

मग कोरोना आला. सोमनाथशेठची गाडी बंद झाली, मिठाईची दुकानं बंद झाली, लग्नं बंद झाली. म्हशीला कुठं ठाऊक टाळेबंदी? ती दूध देतच राहिली. लोकांनी दही लावलं, तूप कढवलं, वासरांना पाजलं. शेवटी पेंड आणायला पैसा उरला नाही, तेव्हा दावणीच्या म्हशी एकेक करून गेल्या. दगडाबाईनंही दोन विकल्या, एक ठेवली. विकलेल्या म्हशींना गाडीत चढवताना त्या हंबरल्या ना, ते मला भट्टीवर बसल्या जागी ऐकू आलं.

त्याच सुमारास आमचे ऊसतोड मजूर कारखान्यांवरून परत आले. गावानं रस्त्यात बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. आपलीच माणसं, आपल्याच गावाच्या वेशीबाहेर उन्हात ट्रकमध्ये बसलेली! सरपंच अमरसिंह धावपळ करत आले. माणूस वाईट नाही, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतो आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतो, एवढंच. त्यांनी सगळ्यांना शाळेत चौदा दिवस ठेवायचं ठरवलं. पण शाळेतल्या माणसांचा स्वयंपाक कशात करायचा? मोठं भांडं द्यायला एकही घर पुढं येईना. शाळेच्या भिंतीवरून केशरबाई नावाची मजूर बाई ओरडली, “ऊस तोडून आलोय आमी, दरोडा टाकून न्हाई! लेकरं उपाशी हायती!”

दगडाबाई म्हणाली, “माझी कडई न्या.”

“मावशी, मग तिच्यातला खवा कोन घेईल?” अमरसिंहांनी विचारलं.

“आधी लेकरं जेवू द्या.”

बंकट नेहमीप्रमाणे “बगू की” म्हणाला आणि एका बाजूची कडी धरून मला उचलू लागला.

ते दिवस मला अजून आवडतात. खिचडी, पिठलं, डाळ, रोज दोन वेळा. केशरबाई आणि तिच्या बाया शाळेच्या आवारात चूल मांडून मला चढवायच्या. काम झालं की लख्ख घासायच्या. अमरसिंहांनी माझ्या काठावर हात ठेवून फोटो काढला. एकही माणूस उपाशी राहिलं नाही आणि ते सगळे धडधाकट घरी गेले. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

आणि मग गावानं मला नाव ठेवलं, कोरोनाची कढई! मला घरी न्यायला कुणी हात लावेना. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. ग्रामपंचायतीची फवारणीची टाकी फुटली होती. कुणीतरी डोकं चालवलं, की नाहीतरी हिच्यात आता दूध कोण आटवणार, पावडर हिच्यातच कालवा. झालं. ज्या पोटात दूध उकळायचं त्यात वासानं डोळे झोंबणारी ती जंतुनाशक पावडर कालवायला लागले. गल्ल्या फवारल्या, देऊळ फवारलं, एसटीचा थांबा फवारला. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, ती पहिलीपेक्षा वाईट होती. गावातली काही माणसं दवाखान्यात गेली ती परत आलीच नाहीत. तेव्हा पुन्हा पावडर, पुन्हा फवारणी. मधल्या काळात मी पंचायतीच्या मागं उघड्यावर पडून असायची. पावसाचं पाणी साचायचं, तळाशी पावडरीचा चिखल, त्याखाली गंज. लोहारानं ठोकून गुळगुळीत केलेलं माझं अंग खरबरीत झालं.

दगडाबाई मला परत मागायला एकदाच आली होती. “सरपंच, कडई द्या की घरला.”

“मावशी, गावाची सेवा चाललीय तिची!” अमरसिंह म्हणाले.

सेवा म्हटल्यावर ती काय बोलणार? गावाच्या कामाला दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे चोरट्यासारखं वाटतं. ती माझ्याकडं बघत बघत निघून गेली. मला किती ओरडावंसं वाटलं म्हणून सांगू!

हळूहळू सगळं उघडलं. दुकानं उघडली, लग्नं सुरू झाली. दगडाबाईची म्हैस व्याली. बऱ्याच घरांनी उसनवारी करून पुन्हा म्हशी आणल्या. दिवाळी तोंडावर आली आणि सोमनाथशेठचा फोन आला, की मी येतो, डोळ्यांसमोर आटवलेला खवा बघतो, पसंत पडला तर पहिल्यासारखी रोज गाडी लावतो. ती गाडी म्हणजे गावाचा श्वास. गाडी आली तर म्हशी टिकणार, नाही तर दिवाळीनंतर पुन्हा बाजार दाखवायचा.

अमरसिंहांना आनंदाचं भरतं आलं. शेठ येणार त्याच दिवशी त्यांनी कोरोना योद्ध्यांचा सत्कार ठेवला, आणि योद्ध्यांत माझंही नाव! मला टँकरच्या पाण्यानं विसळलं. बाहेरून चंदेरी रंग दिला. नारळ फोडला, झेंडूचा जाडजूड हार घातला. आतून घासलं का? नाही! मित्रांनो, सगळ्या गावात एकाही माणसाला माझ्या आत हात घालावासा वाटला नाही. वरून चकाकतंय ना, मग झालं.

पंचायतीपुढं नवी चूल मांडली. सोमनाथशेठ खुर्चीवर बसले. बायांनी दूध आणलं. दगडाबाईनं सवयीनं आधी माझ्या आतून हात फिरवला आणि ती थांबली.

“वास येतुया का?” बंकटनं हळूच विचारलं.

“येतुय.”

“मग बोल की.”

“एवढ्या मानसांत कसं बोलू? त्यांनी हार घातलाय तिला.”

बोल गं बाई, बोल! मी आतल्या आत जळत होते. पण तोवर बायांनी दूध ओतायला सुरुवातही केली होती. प्रत्येकीला वाटत होतं, मानाचं पहिलं दूध आपलं पडावं.

दूध आटलं, खवा झाला. सोमनाथशेठनी चिमूटभर तोंडात टाकला, तोंड वळवून थुंकला आणि पाणी मागितलं. “मावशी, ह्याला दवाखान्याचा वास येतोय. पेढ्यात हे चालायचं न्हाई.” माणूस सभ्य, आवाज चढवला नाही. “उद्या सकाळी ह्याच रस्त्यानं पल्याडच्या गावाला भट्टी बघायला चाललोय. तिथं जमलं तर गाडी तिकडंच लावतो.”

ते गेले आणि गावात जे सुरू झालं त्याला तोड नाही. हिच्या म्हशीला औषध चालू आहे, तिनं बिनधुतल्या बादलीत दूध आणलं, तिसरीनं पाणी घातलं. बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. अमरसिंह मधे उभे राहून म्हणत होते, “दूध तपासून घ्याया पायजे होतं.” दूध! अहो, दुधाचा काय गुन्हा?

तेव्हा दगडाबाई उठली. तिनं माझ्या गळ्यातला हार काढला आणि बाजूला ठेवला.

“कुनाच्या दुधाला नावं ठेवू नका,” ती म्हणाली. “दूध चांगलं हाय. कडई घासलेली न्हाई.”

“न्हाई कशी? टँकरनं धुतलीय, मावशी. रंग दिलाय.”

“रंग बाहेरून दिलाय, सरपंच. आत हात घाला.”

अमरसिंहांनी हात घातला. बाहेर काढला तेव्हा तळवा तांबडा झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि मान फिरवली. मग तो पांढऱ्या शर्टाला पुसला. दगडाबाईनं त्यांच्या हातात विटेचा तुकडा दिला.

“शेठ उद्या सकाळी ह्याच रस्त्यानं जानार हायती. एकटीच्यानं व्हायचं न्हाई हे.”

“मी? मला कुटं येतंय घासाया?”

केशरबाई गर्दीतून पुढं आली. “या की, मी शिकिवते. शाळंत आमाला चौदा दिस बसिवलंतं तुमी. तुमी एक रोज कडईत बसा.”

सगळं गाव हसलं. अमरसिंहही हसले, आणि खरंच पँट दुमडून माझ्यात उतरले. त्या दिवशी माझ्यावर चिंच पडली, राख पडली, वाळू पडली. मघाशी भांडणाऱ्या बाया पाळीपाळीनं घासत होत्या. मला पालथी घालून गोवऱ्यांवर तापवलं. चंदेरी रंग फोड येऊन गळून पडला, बरं झालं. मग ताक उकळलं, ओतलं, पुन्हा घासलं. दर वेळी दगडाबाई हात फिरवायची, वास घ्यायची आणि म्हणायची, “अजून.” अमरसिंहांना त्या शब्दाची धास्तीच बसली. दिवस मावळताना तिनं हात फिरवला, वास घेतला, आणि या वेळी ती “अजून” म्हणाली नाही. नुसतीच माझ्या काठावर हात ठेवून उभी राहिली. मला रडू येत होतं.

सकाळी दूध चढवलं. पण सोमनाथशेठना थांबवायचं कुणी? कालच्या प्रकारानंतर त्यांनी फोन उचलला नव्हता. “बगू की,” म्हणून बंकट उठला आणि मेंढरं घेऊन गेला. ज्या जागी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, अगदी तिथंच त्यानं सगळा कळप रस्त्यावर बसवला. शेठच्या गाडीनं भोंगा वाजवला. बंकट जागचा हलला नाही.

“मेंढरं हायती, शेठ. उठाया वेळ लागतुय. तवर खवा बगून घ्या.”

सोमनाथशेठ रागातच आले. दगडाबाईनं पानावर खवा दिला. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. थुंकले नाहीत. दुसरी चिमूट घेतली, डोळे मिटले. अमरसिंह विटेचा तुकडा अजून हातात धरून उभे होते. तिसरी चिमूट घेताना शेठ म्हणाले, “मावशी, बांधून द्या सगळा. अन् मेंढरं उठवा, मला दुकान गाठायचंय.”

पल्याडच्या गावाला ते गेलेच नाहीत. आता रोज दुपारी गाडी येते. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. गेलेली माणसं येत नाहीत, काही दावणी अजून मोकळ्या आहेत, आणि माझ्या तळाला गंजानं खाल्लेले खड्डे पडलेत ते पडलेतच. पण मी पुन्हा माझ्या भट्टीवर आहे, माझ्या पोटात दूध उकळतंय, आणि पोरं खरवडीसाठी भांडतायत.

मागच्या महिन्यात अमरसिंहांच्या पुतणीचं लग्न झालं. मला मागून नेलं होतं. परत आणून द्यायला ते स्वतः आले, गड्याला पाठवलं नाही. माझ्यात गुळाची अख्खी ढेप होती. दगडाबाईनं ती बाजूला काढली आणि सवयीप्रमाणे आतून हात फिरवला. मी लख्ख होते. तिनं सरपंचांच्या हाताकडं पाहिलं, तर नखं काळी झालेली.

तेव्हा मित्रांनो, संकटात तुमच्या कामाला आलेलं भांडं असो की माणूस, त्याला हार घालायची घाई करू नका. हार आम्हाला नको आहेत. आधी आत हात फिरवून बघा.