थाळी पाडली की वळायचं

मी एक स्टीलची थाळी आहे. आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावर, पुष्पाच्या घरात राहते. तिच्या लग्नात तिच्या मामांनी मला आहेर म्हणून दिलं, म्हणून माझ्या काठावर त्यांचं नाव कोरलंय, रामधन. नाव मामांचं, पोचे मात्र माझे. आणि हे पोचे जेवणाने पडलेले नाहीत.

पुष्पाला मुलगी झाली. मुलगा झाला असता तर मला दारात उभं राहून वाजवलं असतं. मुलगी झाली म्हणून मी चुलीपाशीच राहिले. तिचं नाव ठेवलं सत्यशीला. तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं, की हाक मारली तरी पोर वळत नाही. एवढं ऐटीचं नाव, पण तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

ती पाच वर्षांची असताना गणती निघाली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची घरोघरी जाऊन नावं लिहायची होती. यादीत नाव लागलं की कानाची तपासणी होणार, मशीन मिळणार आणि मूकबधिरांच्या शाळेत जागाही. पुष्पाचा त्या शाळेवर फार जीव होता.

पण त्याच महिन्यात सत्यशीलाच्या आत्याची, सोनूची, सोयरीक जमत होती. आजी मोतीबाईने सुनेला चुलीपाशी बसवून बजावलं, "कागदावर भैरी लिवलं का सोनूची सोयरीक मोडली समज. तू तोंड उघडू नको."

मोतीबाई डोक्याने तल्लख. घरात लाकडी फळ्यांचा दिवाण होता. त्यावर ती पोरीला पाठमोरी बसवायची आणि मागून मला त्याच दिवाणावर पाडायची. फळ्या हादरल्या की पोर दचकून मागे वळायची. वळली की तळहातावर गुळाचा खडा. चार दिवसांत मला दोन पोचे आले आणि पोर तयार झाली. तिला वाटायचं, आजी आपल्याशी खेळते. मलाही ती हसली की बरं वाटायचं, हे कबूल करते.

गणतीवाल्या फरहाताई भर उन्हात स्कूटीवरून आल्या. दिवसाची साठ घरं उरकायची होती.

"घरात कोणी भैरं-मुकं आहे का?" त्यांनी विचारलं. मोतीबाईला दोनदा विचारावं लागलं.

"नाही बाई, कोणीच नाही."

"ही पोरगी काहून बोलत नाही?"

"लाजते. आयकते चांगली. घ्या, थाळी पाडून पाहून घ्या."

मोतीबाईने पोरीला दिवाणावर पाठमोरी बसवलं आणि फरहाताईंनी मागून मला दिवाणावर पाडलं. सत्यशीला वळली, हसली आणि तिने हात पुढे केला. ताईंनी लिहिलं, ऐकू येतं. मग मोतीबाईच्या कानाशी ओरडून म्हणाल्या, "आजी, तुम्हाले कमी आयकू येते का?"

"वय झालं बाई, आता काय आयकाचं."

वय झालं म्हणून तेही लिहिलं नाही. ऐकू न येणारी दोन माणसं एका घरात, आणि कागदावर शून्य. पुष्पा दाराआड पदर तोंडात धरून उभी होती.

सोनू सासरी गेली. दोन वर्षांनी पुन्हा गणती आली, पुन्हा फरहाताईच. या वेळी पुष्पा सकाळपासून दारात बसून होती.

"ताई, माही पोरगी भैरी आहे. तिचं नाव लिवा."

ताईंनी जुना कागद काढला. "मागच्या वेळी मीच पाह्यलं होतं, चांगली आयकत होती. सवलत दिसली का सगळेच भैरे होतात."

"तवा आमी खोटं सांगतलं होतं."

"मंग आता खरं सांगून राह्यली कशावरून?" असं म्हणत त्यांनी मला उचललं.

माझ्याकडे लक्ष जाताच सत्यशीला धावत आली आणि दिवाणावर पाठमोरी बसली. तिला कोणी सांगितलंही नव्हतं. मला वाटलं, आज आपण अलगद पडावं. पण पडणं काही माझ्या हातात नसतं. फळ्या हादरल्या. ती वळली, हसली आणि तिने हात पुढे केला.

ताईंनी पुन्हा तेच लिहिलं आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

पुष्पाने पोरीच्या कानशिलात लगावली. "वळली काहून? काहून वळली तू?" ती ओरडत होती, जिला ऐकूच येत नाही तिच्यावर. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आपलं काहीतरी चुकलं असेल असं वाटून ती पुन्हा पाठ करून बसली, पुन्हा वळली आणि हात पुढे केला. पुष्पाने दुसरी लगावली.

सत्यशीला आता नऊ वर्षांची आहे. शाळा नाही, मशीन नाही. रोज तीच मला राखेने घासते, तेव्हा तिची बोटं माझ्या पोच्यांवरून हळूच फिरतात.

तुम्ही पुन्हा गणतीला याल. माझी एवढीच विनवणी आहे, की मला उचलू नका. तिच्या समोर बसा आणि तिच्या आईचं ऐका. मला पाडून आता काही कळायचं नाही. दिवाण हादरला की सत्यशीला वळत नाही. ती दोन्ही हातांनी गाल झाकून घेते.