आरामघरातले डिंकाचे लाडू

आमच्या शिल्पाला मुन्सिपालटीच्या आरामघरात पंधरा दिवसांची खाट मिळाली, तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. बाळंतीण माहेरी काचीगुड्याला आलेली आणि निजायला सरकारी खाटेवर? पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीच्या अंगात रक्त नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, तिला नुसतं झोपू द्या. शिल्पानं तर हातच जोडले, "आई, मला जाऊ दे."

तिथला नियम एकच. वजन भरलं, रक्त वाढलं की खाट दुसऱ्या बाईला. मी तो ऐकला आणि सोडून दिला, कारण तिथलं जेवण बघून माझं डोकंच फिरलं. पप्पू म्हणजे नुसतं पातळ वरण, आणि मऊ भात! अगं बाई, यावर बाळंतीण उठायची कधी? दुसऱ्याच दिवशी मी डिंकाचे लाडू वळले, तुपाला हात आखडला नाही. "बाहर का खाना नक्को," सिस्टर त्रिवेणी दारातच सांगायची. मी बाळाच्या दुपट्यांत लाडू गुंडाळून आत. शिल्पा झोपलेली असली तर उठवायचं, समोर बसायचं, ती गिळेपर्यंत हलायचं नाही. शेजारच्या सात जणी टकामका बघायच्या, मग त्यांनाही एकेक दिला.

सहाव्या दिवशी वजनं झाली. त्रिवेणीनं काटा दोनदा हलवून बघितला. "अम्मा, क्या खिला रै तुम इनको?"

शिल्पाचं तीन किलो वाढलेलं! रक्तही भरलेलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं. "बघा," म्हटलं, "आठही जणी कशा गुटगुटीत!" डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि आठही जणींना घरी सोडलं.

शिल्पा घळाघळा रडायला लागली.

"वेडी का काय? घरी रंजनावन्सं आल्यात नांदेडहून, बाळाला बघायला. चौघीजणी आणल्यात सोबत. आणि मी आहे की!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "मला इथं झोप लागायची, आई. तू गेलीस की."

मेली कार्टी! आईला असं बोलतात? रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. नारायणगुड्याच्या सिग्नलला बघते तर बाळ माझ्या मांडीवर आणि पोरगी गाढ झोपलेली, मान माझ्या खांद्यावर. मी गप्प होते ना, म्हणून.

घरी पोचताच वन्संना म्हटलं, "चला, बॅगा उचला."

"अगं भामा, बाळ तरी बघू दे!"

"फोटो पाठवते."

जावई रजा घेऊन आमच्याकडेच होते, आमच्या ह्यांना वरणभात येतो. पाच जणींना मी स्टेशनवर नेलं, गाडीत बसवलं आणि वन्संच्या शेजारी मीही बसले.

आज नांदेडात आठवा दिवस. वन्सं रोज विचारतात, लेकीचा फोन आला का? नाही आला. माझा हात सारखा फोनकडे जातो, पण नाही करत. झोपली असेल माझी बाय.