होडीला बांधलेला आकडा

मी आकडा बोलतोय. गणितातला नव्हे, हेलिकॉप्टरच्या पोलादी तारेच्या टोकाला लटकणारा, समुद्रात अडकलेल्यांना वर उचलणारा. घडलो कुठल्याशा कारखान्यात, ते फारसं आठवत नाही. तारेला लागलो तेव्हापासून मला एकच नाद, खालची माणसं बघण्याचा. वरून टाळकी सगळ्यांची सारखीच दिसतात; हात मात्र प्रत्येकाचे निराळे.

२००६ साली देवबागला मच्छीमारांचं प्रशिक्षण होतं. हेलिकॉप्टरच्या दारातून तार सोडणारे गुरुप्रसाद माझ्या खोडी समजावून देत होते. हवेतून येताना माझ्या अंगात वीज साठते, म्हणून आधी मला पाण्याला टेकू द्यायचं, मगच हात लावायचा.

"आणि होडीला कधी बांधायचं नाही," ते म्हणाले. "होडी हलली की हेलिकॉप्टर खाली ओढलं जातं. मग मला तार तोडावीच लागेल."

"व्हय व्हय, समाजला," परशुराम सगळ्यांच्या आधी म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ सत्यवान शेजारीच होता. इतक्या लवकर समजतं कसं, याचं मला कुतूहल वाटलं.

पुढच्या वर्षी रेडीच्या समुद्रात या दोघांच्या होडीचं इंजिन बंद पडलं. वारा पिसाळलेला, सत्यवानचा हात मोडलेला, लाटा होडीला खडकांकडे ढकलत होत्या. गुरुप्रसादांनी तार सोडली, मी माणूस उचलायचा पट्टा घेऊन उतरलो. परशुराम शहाण्यासारखा थांबला. मी पाण्यात बुचकळलो, मगच त्याने मला धरलं. मी खूश झालो! आणि लगेच त्याने माझ्या तारेचा वेढा होडीच्या खांबाला घातला. होडीवर दोरी आली की आधी बांधायची, ही जन्माची सवय. डोक्याला विचारतंय कोण?

लाट ओसरली, होडी खाली गेली, तार ताणली, हेलिकॉप्टर कललं. गुरुप्रसादांचं बोट तार तोडायच्या बटणावर गेलं. तार तुटली असती तर दोघे भाऊ तिथेच राहिले असते. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू?

"मेल्या, बांधलंस कित्याक? सोड तेका!" सत्यवान ओरडला.

परशुराम भानावर आला, पण ताणलेला वेढा सुटेना. गुरुप्रसादांनी बटण दाबलं नाही. धोका पत्करून आणखी थोडी तार सोडली. ढील मिळताच वेढा सुटला. आधी सत्यवान वर आला, मग परशुराम. होडी खडकांवर फुटली.

त्या हिसक्याने माझ्या मानेला बारीक तडा गेला. असा आकडा पुन्हा वापरत नाहीत. आता, २०१० साली, मी देवबागच्या एका शेडमध्ये, दोरीला अडकवलेला, शिकवण्यापुरता असतो. शिकवतो कोण? परशुराम! माझा एखादा भाऊबंद तुमच्या होडीवर उतरला, तर कृपा करा, त्याला मोकळा ठेवा.

परवा परशुराम नवख्यांना सांगत होता, "ह्येका बांधूचा नाय. माझो भाव मरता मरता वाचलो." आणि बोलता बोलता त्याच्या हातांनी मला शेडच्या खांबाला बांधलंसुद्धा. सगळे खो खो हसले.

सत्यवान हसला नाही. तो उठला, वाकड्या राहिलेल्या हाताने त्याने गाठ सोडली आणि मला भावाच्या हातात ठेवलं.

"परत सांग," तो म्हणाला.